घर विकायचे आहे, भाव किती सांगावा?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच काळजी आहे. गावातले किंवा तालुक्याच्या ठिकाणचे घर विकायला काढले आहे, पण गिऱ्हाईक येत नाही, आणि आले तर ते आपल्या मनातल्या आकड्याच्या जवळपासही बोलत नाही. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत, आणि पत्रे जागेअभावी थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : आमचे घर दारव्हा तालुक्यातील एका मोठ्या गावात अकृषक ले-आउटमध्ये आहे. प्लॉट २,४०० चौरस फुटांचा असून त्यावर वडिलांनी २००९ साली बांधलेले १,१०० चौरस फुटांचे स्लॅबचे घर, बोअर आणि आवारभिंत आहे. वडील गेल्यावर आई माझ्याकडे यवतमाळला राहायला आली. धाकटा भाऊ पुण्याला असतो. आठ महिन्यांपूर्वी २८ लाख रुपये सांगून घर विकायला काढले. सुरुवातीलाच एका शिक्षकांनी २१ लाख देऊ केले होते, पण आम्ही नाही म्हटले. त्यानंतर कोणी फिरकले नाही. त्याच ले-आउटमध्ये आणखी तीन घरे विक्रीला आहेत. भाव उतरवला तर लोक आम्हाला अडलेले समजतील, अशी भीती वाटते. भाऊ म्हणतो, थांबू या, भाव वाढेल. आमच्याकडे रिकामे प्लॉट ३५० रुपये चौरस फुटाने जातात, आणि ठेकेदार सामानासहित १,६५० रुपये फुटाने घर बांधून देतात. आम्ही काय करावे?

उत्तर : २८ लाखांचा आकडा कोठून आला हे आपण लिहिलेले नाही, परंतु असे आकडे बहुधा तीन ठिकाणांहून येतात. वडिलांनी घरावर किती खर्च केला, दोघा भावांना वाटणीत किती हवे आहेत, आणि नागपुरात किंवा समृद्धी महामार्गालगत कोणाचे घर कितीला गेले. या तिन्ही गोष्टी आपल्या दृष्टीने खऱ्या आहेत, पण घर घेणाऱ्याला त्यांच्याशी काहीही कर्तव्य नाही. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : एवढ्या पैशात याच गावात मला दुसरे काय मिळते? आपल्या गावात त्याला या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे विक्रीला असलेली ती तीन घरे, आणि दुसरे म्हणजे रिकामा प्लॉट घेऊन स्वतःच्या मनासारखे घर बांधणे. यातील दुसऱ्या पर्यायाने आपल्या भावाची वरची मर्यादा ठरते, म्हणून हिशेब तेथूनच सुरू करावा.

आपण कळवलेल्या दराने २,४०० फुटांच्या प्लॉटचे ८ लाख ४० हजार होतात. १,१०० फुटांचे घर आज नव्याने बांधायचे तर १८ लाख १५ हजार लागतील. म्हणजे नवे कोरे घर साधारण साडेसव्वीस लाखांत उभे राहते, आणि आपण पंधरा वर्षांहून जुन्या घराचे २८ लाख सांगत आहात. गिऱ्हाईक का फिरकले नाही, याचे उत्तर या एका बेरजेत आहे.

आता जुनेपणाची घट किती धरावी? आपल्या घराबाबत बांधकामाच्या किमतीतून एक तृतीयांश रक्कम वजा करणे मला योग्य वाटते. त्या काळातील वायरिंग आणि नळजोडणी घेणारा बहुधा बदलून घेईल, स्लॅबवर पुन्हा वॉटरप्रूफिंग करावे लागेल, आणि खोलीला लागून संडास-बाथरूम नसल्यास त्याचाही खर्च तो मनात धरील. यापेक्षा जास्त घट मात्र मान्य करू नये, कारण तयार घराचीही स्वतःची किंमत असते. रेतीघाटांचे लिलाव रखडले की आपल्या भागात बांधकामे महिनोन्‌महिने अर्धवट पडून राहतात. त्या सगळ्या दगदगीतून घेणाऱ्याची सुटका होते, आणि हे त्याच्या लक्षात आणून देणे आपले काम आहे. या हिशेबाने बांधकामाचे १२ लाख १० हजार, प्लॉटचे ८ लाख ४० हजार, आणि बोअर व आवारभिंतीचे एक लाख, अशी साडेएकवीस लाखांची किंमत निघते. त्या शिक्षकांचा आकडा आपल्याला अपमानास्पद वाटला असेल, पण तो या किमतीपासून फक्त पन्नास हजारांनी दूर होता.

हा हिशेब एकदा बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. त्यावरून आपल्या गावात अलीकडे कोणती घरे विकली गेली ते कळते. मात्र त्यातील रकमांवर डोळे मिटून विसंबू नये, कारण पुष्कळ दस्त शासकीय मूल्यांकनाच्या आकड्यावर नोंदवले जातात आणि प्रत्यक्ष व्यवहार वेगळाच असतो. त्यापेक्षा मागच्या वर्षी ज्याने घर घेतले त्याच्याशी, आणि दुय्यम निबंधक कार्यालयासमोर बसणाऱ्या अर्जनवीसाशी बोलणे अधिक उपयोगाचे ठरते. विक्रीला असलेल्या तीन घरांचे मालक काय सांगतात याला फारसे महत्त्व नाही. तेही आपल्यासारखेच अडकून बसलेले असू शकतात.

माझ्या मते आपण २३ लाख सांगावेत आणि साडेएकवीस ते बावीसच्या दरम्यान सौदा होईल असे धरून चालावे. २५ सांगितले तर घेणारा पुन्हा नव्या घराच्या खर्चाशी तुलना करू लागतो आणि बोलणी करायलाच येत नाही. थेट साडेएकवीस सांगून 'एकच भाव' म्हटले, तर आपल्याकडे त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. घासाघीस केल्याशिवाय घर घेतल्याचे समाधान गावात कोणालाच होत नाही. बोलणीसाठी पाच-सात टक्क्यांची जागा पुरेशी आहे. खालची मर्यादा मात्र आई आणि आपण दोघे भाऊ यांनी आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावी. ती २१ लाख असावी असे मी सुचवीन.

अडलेले दिसण्याची भीती खोटी नाही. शहरात भावाची जाहिरात बदलली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गावात पहिल्यांदा बोललेला आकडा पारावर, बँकेत आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी जोडून पाहिला जातो. म्हणून भाव एकदाच आणि एकदमच उतरवावा, आणि उतरवण्याला लोकांना दिसेल असे कारण असावे. दर महिन्याला पन्नास हजारांनी खाली येणाऱ्या मालकाकडे पाहून घेणारा ठरवतो की आणखी दोन महिने थांबू.

हे कारण आपल्याला कागदपत्रांतून मिळू शकते. वारसांची नावे फेरफाराने सातबाऱ्यावर आली आहेत का, ग्रामपंचायतीचा घरटॅक्स भरलेला आहे का, बांधकाम परवानगीची प्रत सापडते का, हे पाहून सगळे पूर्ण करा, घराला रंग द्या, आणि मग 'कागद पूर्ण झाले, आता वाटणीसाठी व्यवहार आटोपायचा आहे, २३ लाख' असे सांगा. आपल्या पत्रात बहिणींचा उल्लेख नाही. त्या असतील, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे आणि मुली यांचा सारखाच हिस्सा असतो, आणि त्यांच्या सहीविना किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्राविना जाणता खरेदीदार इसार देणार नाही. ज्या घराला बँक कर्ज देते त्या घराला गिऱ्हाईक जास्त मिळतात, आणि बँक आधी हीच कागदपत्रे पाहते. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला मालमत्तेच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. पण ती किंमत बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो, आपण नाही. त्याने २१ म्हटले आणि सौदा २४ ला झालेला असेल, तर वरचे पैसे घेणाऱ्याला खिशातून घालावे लागतात, आणि तेथेच ठरलेले सौदे मोडतात.

भाऊ थांबायला सांगतात, त्याचाही हिशेब करून पाहू. पुढच्या वर्षी प्लॉटचे दर दहा टक्क्यांनी वाढले असे धरले, तरी आपल्याला ८४ हजार जास्त मिळतील. कारण वाढ जमिनीची होते, बांधकामाची नाही. साडेएकवीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर त्याच वर्षात दीड लाख व्याज येते. शिवाय घरात भरून ठेवलेला कापूस भावाची वाट पाहू शकतो, कुलूपबंद घर पाहू शकत नाही. एका पावसाळ्यात त्याला ओल लागते, वाळवी चौकटीत शिरते आणि अंगणात गाजरगवत उभे राहते.

त्या शिक्षकांनी दुसरीकडे घर घेतले नसेल, तर त्यांच्याकडे परत जाण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र स्वतः न जाता दोघांच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप द्यावा, आणि 'दुसरे गिऱ्हाईक आले आहे' असे खोटे सांगू नये. गावात ते संध्याकाळपर्यंत उघडे पडते. ते २१ वरच अडून राहिले, तर किंमत कमी करण्याऐवजी त्यांचा खर्च कमी करण्याचा मार्ग दाखवता येतो. राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खरेदीखत पत्नीच्या नावाने झाले, तर त्यांचे वीसेक हजार वाचतात आणि आपल्या खिशातून काही जात नाही.

शेवटी दलालांविषयी. एक किंवा फार तर दोन दलाल नेमावेत, दलाली किती टक्के आणि कोणाकडून, हे आधीच ठरवावे, आणि 'एवढे आम्हाला द्या, वरचे तुमचे' हा प्रकार कटाक्षाने टाळावा. तशा सौद्यात आपण २२ म्हणता आणि बाजारात आपल्या नावावर २६ फिरत असतात. भावांनीही ठरवावे की भाव एकच जण सांगेल. एकाने यवतमाळहून २३ आणि दुसऱ्याने पुण्याहून फोनवर २५ सांगितले, की घेणारा भावाची बोलणी सोडून भावांच्या भांडणाची वाट पाहू लागतो.

प्रश्न : साकोली तालुक्यात राष्ट्रीय महामार्गापासून थोडे आत आमचे घर आहे. १९९१ सालचे बांधकाम, मागे सांदवाडी. घेणारे १५ लाख देण्यास तयार आहेत, आणि याहून जास्त कोणी देईल असे वाटत नाही. पण दस्ताची चौकशी केली तेव्हा रेडीरेकनरप्रमाणे किंमत १८ लाख निघते असे सांगण्यात आले. सरकारी किमतीपेक्षा कमी भावात घर विकता येते का? की १८ लाखच मागायला हवेत?

उत्तर : विकता येते. रेडीरेकनर, म्हणजे बाजारमूल्य दर तक्ता, हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. त्या भावाने कोणी घर घेतलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही, आणि त्यावरून आपला भाव ठरवणेही चुकीचे आहे. काही गावांत प्रत्यक्ष भाव तक्त्याच्या कितीतरी वर असतो, आणि महामार्गालगतच्या काही गावांत तो खाली असतो. मात्र तफावतीचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात, आणि ते समजून घेतल्याशिवाय १५ लाखांना होकार देऊ नये.

मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि शासकीय मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर, म्हणजे येथे १८ लाखांवर लागेल. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार रुपये, तीही त्याच मूल्यावर. आयकरातही असेच आहे. शासकीय मूल्य व्यवहाराच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला फायदा, शासकीय मूल्यावर मोजला जातो, आणि फरक पन्नास हजारांच्याही वर असल्यास घेणाऱ्याच्या उत्पन्नात तो धरला जातो. आपल्या बाबतीत फरक तीन लाखांचा, म्हणजे व्यवहाराच्या वीस टक्के आहे. हाच सौदा १६ लाख ४० हजारांना झाला, तर शासकीय मूल्य दहा टक्क्यांच्या आत बसते आणि आयकरापुरता प्रश्न दोघांचाही मिटतो. घेणाऱ्याला हे शांतपणे समजावून सांगितल्यास तो थोडा वर येण्याची शक्यता असते, कारण १५ लाखांत घर घेऊन तीन लाखांच्या फरकावर कर भरण्यात त्याचा पूर्ण फायदा होत नाही. अर्थात त्याचे उत्पन्न करपात्र नसेल, तर हा युक्तिवाद त्याच्यावर चालणार नाही.

पण त्याआधी १८ लाखांचा आकडा बरोबर आहे का ते तपासा. ग्रामीण तक्त्यात महामार्गालगतच्या जमिनीचा दर वेगळा आणि आतील जागेचा वेगळा असतो. आपले घर आत असूनही महामार्गाचा दर लावला गेला असेल, तर फरक मोठा पडतो. बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे दर बदलतात, आणि वयाप्रमाणे घसाराही मिळतो. १९९१ सालच्या घराला, त्यातही कवेलूचे छप्पर असल्यास, नव्या स्लॅबच्या घराचा दर लागू नये. गट क्रमांक, घराचे वय आणि छपराचा प्रकार यांची नोंद हातात घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात पुन्हा मूल्यांकन करून घ्या. तरीही मूल्य जास्तच निघाले आणि ते वास्तव नाही अशी आपली खात्री असेल, तर दस्त नोंदवण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य मुद्रांक शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून इसारपावतीत मुदत बेतानेच घाला. नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात, हेही मुदत ठरवताना लक्षात ठेवा.

भांडवली नफ्याविषयी एवढेच सांगतो की चोवीस महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घरावर १२.५ टक्के दराने कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन, म्हणजे मूळ खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरून, २० टक्क्यांनी मोजण्याचा पर्यायही आहे. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी मूळ खर्चाऐवजी त्या तारखेची वाजवी बाजारकिंमत धरता येते, पण ती त्या दिवशीच्या शासकीय मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. आपल्या घराला दोन्ही रीतींनी हिशेब करून पाहावा. कर खरोखरच लागतो की नाही, हे कळल्याशिवाय १५ आणि साडेसोळा यांतला खरा फरक आपल्याला दिसणार नाही.

प्रश्न : अंजनगाव सुर्जी तालुक्यातील गावठाणात आमचा जुना धाब्याचा वाडा आहे. भिंती खचल्या आहेत, पण सागवानी तुळया, खांब आणि दारे अजून चांगली आहेत. एक लाकूड व्यापारी फक्त लाकडाचे चार लाख देतो म्हणतो. अख्खा वाडा जागेसह नऊ लाखांना मागितला गेला आहे. कागद म्हणून फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. आधी लाकूड विकून मग जागा विकली तर जास्त पैसे येतील का?

उत्तर : कागदावर कदाचित येतील, हातात येतीलच असे नाही. लाकूड काढले की वाडा राहत नाही, ढिगारा राहतो. तो उचलण्याचा खर्च आपल्याकडे येतो, आणि मोकळ्या जागेवर शेजारी आपली भिंत हातभर आत सरकवून बांधू लागतो. शिवाय सागवानाच्या वाहतुकीला वनविभागाची परवानगी लागू शकते. ती कोण काढणार, हे व्यापाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय त्याचे चार लाख मोजू नयेत. अख्ख्या वाड्यासाठी नऊ लाख देणाऱ्याने लाकडाची किंमत मनात धरलेलीच असणार. त्यामुळे आपण चार लाखांचा आकडा त्याच्यापुढे ठेवून त्या आधारे भाव वाढवून मागावा, लाकूड प्रत्यक्ष विकू नये.

आपल्याला खरा फटका मात्र कागदामुळे बसतो आहे. नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, आणि केवळ तिच्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे आपले गिऱ्हाईक फक्त रोकड जवळ असलेला माणूस, आणि त्याला हे माहीत असल्यामुळेच तो नऊवर थांबला आहे. स्वामित्व योजनेखाली २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली असून मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दिल्या जात आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिका मिळवावी आणि तिच्यावरचे क्षेत्रफळ प्रत्यक्ष जागेशी जुळते का ते पाहावे. ते झाल्यावर कर्ज काढून घेणारेही बोलणीत येतात. पत्रिका मिळण्याला उशीर होणार असेल आणि भिंती या पावसाळ्यात पडण्याच्या बेतात असतील, तर नऊच्या पुढे जे काही मिळते ते घेऊन मोकळे व्हावे, असे मी म्हणेन. पडलेल्या वाड्याचे कोणी नऊही देणार नाही.

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातील आमच्या घराला दोन गिऱ्हाईके आहेत. एक नोकरदार १९ लाख देऊन महिन्याभरात व्यवहार पूर्ण करतो म्हणतो. दुसरे गावातलेच कास्तकार आहेत. ते साडेवीस लाख देतात, पण आता तीन लाख इसार आणि उरलेले साडेसतरा लाख आठ महिन्यांनी, कापूस आणि तूर विकल्यावर. ते ताबा मात्र लगेच मागतात. त्यांतले सहा-सात लाख रोख घ्या, दस्त कमी रकमेचा करू, असेही त्यांचे म्हणणे आहे. कोणाला द्यावे?

उत्तर : दीड लाखांचा फरक दिसतो तेवढा मोठा नाही. साडेसतरा लाखांवर आठ महिन्यांचे सात टक्क्यांनी व्याज ८१ हजारांच्या वर जाते, म्हणजे साडेवीस लाखांची आजची किंमत सुमारे १९ लाख ६८ हजार ठरते. उरलेले ६८ हजार हे आपण पत्करलेल्या जोखमीचे मोल आहे. गुलाबी बोंडअळी पडली किंवा ऐन वेचणीत पाऊस आला, तर कास्तकार कितीही सचोटीचे असले तरी मुदत पाळू शकणार नाहीत. आणि गावातल्याच माणसावर तगादा लावणे सोपे नसते.

तरीही त्यांनाच द्यायचे असेल, तर अटी बदलून घ्या. इसार तीनऐवजी पाच लाख असावा. साठेखताची, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराची, नोंदणी करावी, त्यात शेवटची तारीख लिहावी, आणि तोवर रक्कम न आल्यास इसारातून किती कापून बाकीचे किती दिवसांत परत द्यायचे हे स्पष्ट असावे. ताबा पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय देऊ नये. ताबा देऊन साठेखत केले, तर त्यावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते, ही गोष्ट कास्तकारांना सांगितली की बहुधा ते स्वतःच ताब्याचा आग्रह सोडतात.

रोखीचा प्रस्ताव मात्र पूर्ण नाकारा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि तशी रक्कम घेतल्यास घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. सात लाख रोख घेऊन साडेवीस मिळवण्यापेक्षा १९ लाख धनादेशाने बरे. शिवाय रोख दिलेली रक्कम कागदावर नसल्यामुळे सौदा मोडला तर काय परत द्यायचे यावरून वाद होतो, आणि त्या वादात साक्षीदार दोन्ही बाजूंचे नातेवाईकच असतात.

एक मधला मार्गही आहे. नोकरदार गिऱ्हाईकाला साडेवीस लाखांची मागणी आल्याचे खरे ते सांगा, आणि महिन्याभरात व्यवहार पूर्ण होणार असेल तर साडेएकोणीस लाखांना देण्याची तयारी दाखवा. हा भाव कास्तकारांच्या आजच्या किमतीपेक्षा थोडा कमी आहे, पण त्यात जोखीम जवळजवळ नाही. या नोकरदाराचे कर्ज बँकेने तत्त्वतः मंजूर केले आहे का, हे बँकेचे पत्र पाहून तपासून घ्या; केवळ 'पगारदार आहे, कर्ज होऊनच जाईल' या तोंडी भरवशावर कास्तकारांना नकार कळवू नका. मंजुरीचे पत्र दिसले, की त्याच आठवड्यात इसारपावती करा आणि मगच दुसऱ्या बाजूला निरोप द्या. त्या बोलणीत पितृपक्ष आडवा येत असेल, तर इसार त्याआधीच उरकलेला बरा, कारण नंतरचे पंधरा दिवस कोणी पैसे हलवणार नाही.